बहीण म्हणून दीड हजार, शेतकरी म्हणून शून्य

आमच्या गटाची दिघीतली बैठक महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी भरते. जागा म्हणजे एका कार्यकर्तीच्या घराची पुढची खोली. आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज सारखा आत येत असतो, त्यामुळे बोलणारीला आवाज चढवूनच बोलावे लागते. बायांना मोठ्याने बोलायला शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही, असे आमच्यातली एक जण नेहमी म्हणते.

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी विषय होता रेशनकार्डावरच्या नावांचा. पण चटईवर टेकता टेकताच एका मावशींनी पिशवीतून पासबुक काढले आणि माझ्यापुढे धरले. ‘‘ताई, हे बघा. सगळ्यांना पंधराशे आले, मला पाचशेच. माझं काय चुकलं?’’

मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन भावाच्या आधाराने दिघीत आल्या. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये सुटे भाग पुसून खोक्यांत भरण्याचे काम करतात. गावाकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. नवऱ्याच्या मागे वारस नोंद होऊन ती त्यांच्या नावावर आली. त्या नोंदीसाठी त्यांनी किती खेटे घातले, किती वेळा रोज बुडवला, हे आम्ही पाहिलेले आहे. जमीन दीर बटईने कसतो. पेरणीला आणि काढणीला मावशी सुट्टी टाकून जातात. ‘‘माझ्या नावावर आहे ती, बघायला नको?’’ हे त्या ज्या ठसक्यात म्हणतात, तो ठसका आमच्या गटातल्या पदवीधर बायांकडेही नाही.

पाचशे का आले, याचे उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. मावशींच्या नावावर सातबारा आहे. म्हणून त्यांना प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार, असे बारा हजार मिळतात. महिन्याचे झाले हजार. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा दीड हजार किंवा अधिक मिळत असतील तर ती बाई अपात्र. त्याहून कमी मिळत असतील तर फक्त वरचा फरक द्यायचा. दीड हजारातून हजार वजा केले, उरले पाचशे. हिशोब बरोबर होता. कारकुनाची चूक नव्हती, बँकेची नव्हती, मावशींची तर नव्हतीच.

मी त्यांना हे समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग माझ्या जावेला पंधराशे पुरे कसे आले? तिच्या घरात बी शेतीचे पैसे येतात की.’’

तेव्हापासून मावशींचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि या अंकाचे संपादकीय त्याच्याभोवतीच लिहायचे मी ठरवले.

मैत्रिणींनो, एकाच बांधाच्या दोन बाजूंना असलेली ही दोन घरे पाहा. एका बाजूला दीर आणि जाऊ. जमीन दिराच्या नावावर. शेतकरी म्हणून दिराला वर्षाला बारा हजार मिळतात. जावेच्या नावावर काहीच नाही, म्हणून तिला बहीण म्हणून पुरे अठरा हजार मिळतात. घरात आले तीस हजार. बांधाच्या दुसऱ्या बाजूला मावशी. शेतकरी म्हणून बारा हजार, बहीण म्हणून सहा हजार, एकूण अठरा हजार. आता तिसरे घर घेऊ. त्याच गावातली भूमिहीन विधवा, दुसरीकडून कसलीही मदत नसलेली. तिला बहीण म्हणून अठरा हजार. म्हणजे जमीन असलेली विधवा आणि जमीन नसलेली विधवा, दोघींच्या हाती सरकारकडून पडते तेवढेच. मग मावशी शेतकरी आहेत, याची किंमत सरकारने किती केली? शून्य.

पुरुषाच्या सातबाराची किंमत बारा हजार आणि बाईच्या सातबाराची शून्य! असा कायदा कोणी विधानसभेत मांडला असता तर गदारोळ झाला असता. पण तो कोणी मांडला नाही. दोन वेगवेगळ्या खात्यांच्या दोन योजना, त्यांच्यामधली एक वजाबाकी, आणि त्या वजाबाकीतून तो आपोआप तयार झाला. राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, शेतकरी योजनेचे पैसे मिळतात म्हणून पाचशेच रुपये मिळणाऱ्या स्त्रिया साडेसात लाखांहून अधिक आहेत. साडेसात लाख शेतकरी बाया!

हे वाचून कोणी विचारेल, दोन योजनांचा लाभ एकाच व्यक्तीने का घ्यावा? प्रश्न रास्त वाटतो. पण पैसे कशाचे आहेत ते आधी पाहू. शेतकरी सन्मान निधी २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तेव्हा सरकारने काय सांगितले? बियाणे, खते आणि पेरणीच्या इतर खर्चाला हातभार म्हणून हे पैसे आहेत. तो शेतीचा खर्च झाला. लाडकी बहीण योजना २०२४ च्या जून महिन्यात जाहीर झाली, तेव्हा सांगितले गेले की हे पैसे बाईच्या आरोग्यासाठी, पोषणासाठी, आर्थिक स्वातंत्र्यासाठी आहेत. मावशींनी खताचे पोते घेतले म्हणून त्यांच्या अंगातले रक्त वाढत नाही. दिराने घेतलेल्या खताच्या पोत्याचा हिशोब जावेच्या पोषणातून कोणी वजा करत नाही, आणि करूही नये. मावशींचाच तेवढा का केला जातो?

कारण सरकारच्या मनात अजूनही दोन निरनिराळी माणसे आहेत. शेतकरी म्हटले की डोळ्यांसमोर पटका बांधलेला पुरुष येतो, आणि बहीण म्हटले की ओवाळणीसाठी ताट घेऊन उभी असलेली बाई. ही दोन्ही एकाच देहात असू शकतात, हे योजना आखताना कोणाच्या ध्यानातच आले नाही.

खरे तर शेतीत दुसरे कोण आहे? आपल्या देशात गावात राहून काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी तिघी शेतीत राबतात, हे सरकारच्याच श्रमबल पाहणीत दरवर्षी दिसते. निंदणी, खुरपणी, लावणी, वेचणी, मळणी, जनावरांचे शेण-पाणी, सगळे त्यांच्याकडे. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतीचे खातेदार म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रिया शंभरात चौदा, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र शंभरात बारा एकरांच्या आतच. राबणाऱ्या चारातल्या तिघी, नोंदीत मात्र सातात एक. या दोन आकड्यांमधल्या दरीतच आपली सगळी चळवळ उभी आहे.

सन्मान निधीचे नियम ही दरी बुजवत नाहीत, आहे तशी पक्की करतात. निधी सातबारावर नाव असलेल्याला मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले, आणि एका कुटुंबाला लाभ एकच. तो घ्यायला पुढे कोण होतो हे सांगायला नकोच. त्यात १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवलेली. त्या दिवशी ज्याचे नाव जमिनीच्या नोंदीत असेल तो पात्र. त्यानंतर नोंदीत झालेला बदल पुढची पाच वर्षे लाभासाठी धरला जाणार नाही, असे नियमात लिहिले गेले. याला अपवाद एकच ठेवला, जमीनधारकाच्या मृत्यूनंतरच्या वारसाचा.

याचा अर्थ काय होतो? एखाद्या नवऱ्याने २०२० साली समजुतीने बायकोच्या नावे एकरभर जमीन केली, तर त्या जमिनीवर ती निधीसाठी शेतकरी ठरली नाही. तोच नवरा वारला असता तर ठरली असती. शेतकरी व्हायला बाईने आधी विधवा व्हावे, ही अट कागदावर कोणी लिहिलेली नाही. नियम मात्र तसाच चालला.

आणि विधवा झाल्यावर तरी जमीन सहज नावावर होते का? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींना भेटून माहिती गोळा केली. त्यातल्या चाळीस टक्के बायांना शेतजमिनीचा हक्क तोवर मिळाला नव्हता. सासरा म्हणतो, माझे डोळे मिटल्यावर बघू. दीर म्हणतो, तुझा मुलगा मोठा झाला की त्याच्याच नावावर करू. जुन्या सातबारावर कित्येक ठिकाणी एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एकाच थोरल्या पुरुषाचे नाव असते आणि बायांची नावे लागलीच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. आता शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. महाराष्ट्रात तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला, आणि तो मिळतो सातबाराच्याच आधारे. म्हणजे पूर्वी जी बाई फक्त सातबारावर नव्हती, ती आता संगणकातही नाही.

सरकारला बायका दिसत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. हिशोब दाखवायचा असतो तेव्हा त्या बरोबर दिसतात. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत ‘जेंडर बजेट’ नावाचे एक पत्रक असते, त्यात बायांसाठी किती खर्च केला ते लिहिलेले असते. २०२४-२५ मध्ये त्यात एक नवा तिसरा भाग जोडला गेला आणि किसान सन्मान निधीच्या साठ हजार कोटींपैकी पंधरा हजार कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, बायांसाठीचा खर्च म्हणून दाखवला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत एकोणिसावा हप्ता निघाला, तेव्हा सुमारे नऊ कोटी ऐंशी लाख लाभार्थींमध्ये दोन कोटी एक्केचाळीस लाख स्त्रिया असल्याचे सरकारने सांगितले. छान झाले. पण महाराष्ट्रातल्या ज्या बायांचे पैसे दिल्ली अशा अभिमानाने मोजते, त्यांच्याच खात्यातून मुंबई ते वजा करते. दिल्लीच्या वहीत जमा, मुंबईच्या वहीत वजा, आणि मावशींच्या पासबुकात पाचशे!

‘नवरा-बायको म्हणजे एकच व्यक्ती’ हा हिशोब आपल्याकडेच होतो असेही नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी पैशांवर दर व्यक्तीमागे मर्यादा असे, आणि त्यासाठी लग्न झालेले जोडपे ही एकच व्यक्ती धरली जाई. दोन भाऊ शेती करत असतील तर ते दोन शेतकरी. नवरा-बायको करत असतील तर दोघे मिळून एक. शेतकरी स्त्रियांच्या एका संघटनेने हा नियम न्यायालयात नेला. १९८८ मध्ये खालच्या न्यायालयात त्या जिंकल्या, १९८९ मध्ये वरच्या न्यायालयात हरल्या. न्यायालयाने नियम टिकवला, तरी तोवर झालेल्या बोलबाल्यामुळे १९९० च्या शेती कायद्यात तो सैल करावा लागला. हजारो एकरांच्या आणि ट्रॅक्टरच्या देशातही बाईला स्वतंत्र शेतकरी म्हणवून घ्यायला भांडावे लागले, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

आता थोडे आपल्या जवळचे बोलू. दिघीहून मोशी, चाकण ओलांडून पुढे गेले की आंबेठाण लागते. शरद जोशींनी तिथेच शेती घेतली, आणि चाकणच्या कांद्याच्या आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्या संघटनेची घोषणा. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि शेतकरी म्हणजे बाईसुद्धा, हे तिथे प्रथमच एवढ्या मोठ्याने बोलले गेले. पुढे १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. नवऱ्याने आपली काही जमीन बायकोच्या नावे करावी. ज्या गावात शंभर जण असे करतील त्या गावाचा सत्कार व्हावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नाव तेव्हा गाजले होते.

खरे सांगायचे तर मला त्या वेळी ते फारसे रुचले नव्हते. नवऱ्याने उदार होऊन दिले तर तो हक्क कसला, असे मी भांडून म्हणत असे. तत्त्वाने ते आजही चूक वाटत नाही. पण आज मागे वळून पाहताना जाणवते की त्या मोहिमेने शेतकरी पुरुषाला एक गोष्ट भर सभेत कबूल करायला लावली. घरची लक्ष्मी म्हणून जिला मखरात बसवतो, तिच्या कष्टाचे आपण देणे लागतो, हे त्याला चारचौघांत म्हणावे लागले. त्याचा परिणाम सरकारवरही झाला. १९९२ मध्ये महसूल खात्याने परिपत्रक काढले, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबारावर घ्यावे. आम्ही शिबिरांतून याची माहिती देतो तेव्हा दहापैकी नऊ बायांना ती नवी असते.

पण बायको विचारते, ‘‘नाव लावल्यावर मिळंल काय?’’ आणि तिला खरे उत्तर द्यायचे तर सांगावे लागते, की बाई, आजच्या हिशोबाने तुझे नाव नसलेलेच फायद्याचे. निधी तुझ्या नावाने सुरू झाला तर नवऱ्याचे बारा हजार बंद होतील, आणि तुझे बहिणीचे पैसे अठरावरून सहा हजारांवर येतील. तीस हजारांच्या घराचे अठरा हजार होतील. नाव लावायचा दंड वर्षाला बारा हजार रुपये! ज्या सरकारने १९९२ मध्ये बायकोचे नाव लावा म्हणून परिपत्रक काढले, त्याच सरकारचा आजचा नियम सांगतो, लावू नका. कोरडवाहू दोन एकरांच्या घराला बारा हजार ही थोडीथोडकी रक्कम नाही. नवऱ्याला बायकोचे नाव न लावायला आजवर परंपरेचे कारण होते. आता सरकारने त्याला व्यवहाराचेही कारण दिले.

दिघीच्या आमच्या बैठकीत मूळच्या दिघीकर बायाही असतात. त्यांची गोष्ट निराळी आहे. इथली शेती केव्हाच संपत आली. एका अंगाला लष्कराची हद्द, दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, आणि जिथे ज्वारी-बाजरी होत होती तिथे गुंठ्यांच्या भावाने खोल्या उभ्या राहिल्या. त्यांना बारा हजारांचे काही वाटत नाही. पण सातबारा म्हटला की त्याही एकदम गप्प होतात. त्यातल्या एकीने सांगितले, ‘‘आयुष्यात एकदाच माझ्या भावानं मला गाडी पाठवून माहेरी नेलं. हक्कसोडीवर सही करायला.’’ जमीन असते तेव्हा कागदावर बाई नसते. जमीन विकायची वेळ येते तेव्हा तिचा अंगठा लागतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, जरी तो कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क पक्का आहे असे सांगितले. कायदा एवढा पुढे आला, तरी माहेर तुटेल या भीतीने सही होतेच. दिघीतल्या त्या बाईची सही आणि मावशींचे पाचशे, या एकाच कहाणीच्या दोन बाजू आहेत. बाईच्या नावावर जमीन असणे हे दोन्हीकडे अडचणीचेच मानलेले आहे. एकीकडे भावाच्या अडचणीचे, दुसरीकडे सरकारच्या.

बैठकीत या विषयावर वाद झाले, ते इथे लपवत नाही. एका तरुण कार्यकर्तीचे म्हणणे असे, की आपण या खैरातीच्या योजनांच्या हिशोबात शिरावेच का? लाडकी बहीण ही मतांसाठी घातलेली ओवाळणी आहे. निवडणुकीत पंधराशेचे एकवीसशे करण्याचे आश्वासन दिले गेले. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, तेव्हा विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायांची किती धावपळ झाली! जी योजना बाईला ओळखायला पुरुषाचा क्रमांक मागते, तिच्यातल्या हजार रुपयांसाठी आपण मोर्चा काढायचा का? शेतमालाला भाव मागा, रोजगार मागा, असे तिचे म्हणणे.

तिचे म्हणणे मला पटते, आणि तरीही पुरते पटत नाही. घामाचे दाम मिळायलाच हवेत. पण घाम बाईचा आणि दाम बाप्याच्या खात्यात, ही स्थिती भाव वाढल्यानेही बदलत नाही. कापसाला भाव मिळाला तरी पट्टी ज्याच्या नावावर फाटते त्याच्याच खिशात पैसे जातात. म्हणून नावाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. दुसरे असे, की या पंधराशे रुपयांकडे वरून पाहणे आपल्याला सोपे आहे. आमच्याच गटातल्या बायांना विचारले तर कोणी मुलीच्या क्लासची फी भरली, कोणी चष्मा केला, कोणी नवऱ्याला न सांगता दाताच्या डॉक्टरकडे गेली. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने, न मागता आलेला पैसा अनेकींनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्याची थट्टा आपण तरी करू नये. आणि मावशींना हजार रुपये कमी पडले हे तर खरेच. पण त्याहून मोठे हे, की शेतकरी असल्याची त्यांना शिक्षा झाली.

तेव्हा आपण मागायचे काय, ते चर्चेतून पुढीलप्रमाणे ठरले आहे.

पहिली मागणी तातडीची. शेतकरी सन्मान निधीचे पैसे हा शेतीच्या खर्चाचा हातभार आहे. तो बाईच्या वैयक्तिक मदतीतून वजा करू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

दुसरी मागणी. जमिनीच्या नोंदीत बायकोचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने लागावे, आणि ज्या कुटुंबात ते लागले असेल तिथे निधीची निम्मी रक्कम तिच्या खात्यात थेट जमा व्हावी. कुटुंब एक असेल, पण त्यात हात चार आहेत. तारखेच्या अटीतून पत्नीच्या नावे झालेली नोंद सरळ वगळावी.

तिसरी मागणी लांबच्या पल्ल्याची. शेतकरी कोण, हे सातबाराने ठरवू नये, कामाने ठरवावे. हे काही आकाशातून आणलेले नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याच्या व्याख्येत शेतमजूर, बटईदार, कूळ या सर्वांना धरलेले आहे. ओडिशाने ‘कालिया’ योजना आणली तेव्हा बटईदारांना आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही त्यात घेतले. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत २०१२ मध्ये महिला शेतकरी हक्क विधेयक मांडले होते. गावपातळीवर पंचायतीने बाईला शेतकरी असल्याचा दाखला द्यावा, अशी त्यात तरतूद होती. चर्चेविनाच ते बारगळले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. वर्षे साजरी करण्याची आपल्या सरकारांना हौस आहे. सत्काराचे नारळ आणि शाली यायच्या आधी ते विधेयक पुन्हा बाहेर काढा, असे आपण त्यांना सांगू या.

आणि एक काम आपले स्वतःचे. वाचक मैत्रिणींना माझी विनंती आहे, की आपल्या गटात पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या सासरच्या आणि माहेरच्या जमिनीचा सातबारा घेऊन यावे. उतारा आता संगणकावर सहज मिळतो. सगळ्यांनी बसून तो मोठ्याने वाचावा. आपले नाव कुठे आहे? वरच्या रकान्यात, की ‘इतर हक्कांत’, की कुठेच नाही? आमच्या बैठकीत आम्ही हे केले. एकवीस बायांचे उतारे वाचले. स्वतःचे नाव धारक म्हणून असलेल्या निघाल्या चौघी, आणि चौघीही विधवा. वाचून झाल्यावर खोलीत कोणी बोलेना. आळंदी रस्त्यावरच्या गाड्याच तेवढ्या ऐकू येत होत्या.

मावशींच्या वतीने आम्ही अर्ज लिहिला. त्यात वजाबाकी रद्द करण्याची मागणी केली आणि बांधापलीकडच्या घराचा हिशोबही मांडला. अर्ज लिहून झाल्यावर गटातल्या एकीने सुचवले, की सन्मान निधी सोडून दिला तर तुम्हाला पंधराशे पुरे मिळतील, बघा पटते का. वर्षाची गोळाबेरीज तेवढीच राहील आणि तीन-तीन ठिकाणचे खेटे वाचतील. हिशोबाने ते बरोबरच होते.

मावशींनी मान हलवली. ‘‘न्हाई ताई. पाचशे तर पाचशे. त्या यादीत मी शेतकरी म्हणून हाय. ते नाव न्हाई काढायचं.’’

मग त्यांनी अर्जाखाली सही केली. सही शिकून त्यांना सहाच महिने झाले होते. सही करून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘खाली शेतकरी लिहू का?’’ आम्ही म्हटले, लिहा. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिले.

आपल्या गटांतल्या उताऱ्यांची मोजणी आणि असे अर्ज आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात ते एकत्र करून छापू, आणि मुंबईला जाताना तो अंक बरोबर घेऊन जाऊ.